बांधावरच्या गप्पा : कॉम्प्युटरला झोप का लागत नाही?



या सदरात आपण हुमणीवर बोललो, लोकरी माव्यावर बोललो, खोडव्यात पाचट का जाळू नये यावरही बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, "साहेब, तुम्ही उसाचे डॉक्टर, कॉम्प्युटरचे कधीपासून झालात?" झालो नाही, होण्याची पाळी आली. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर, आणि आता शेतकरी ओळख क्रमांक. निम्मी शेती कागदावरनं पडद्यावर गेली. त्यामुळे शिवारफेरी आटोपून कुणाच्या घरी चहाला टेकलो की हल्ली ऊस दाखवण्याआधी लोक कॉम्प्युटर दाखवतात.

असाच पन्हाळा तालुक्यात वारणेच्या बाजूला एका घरी गेलो होतो. घर चांगलं, नांदतं. सून शिकलेली, बचत गटाचे हिशेब तिच्याकडे. दिवाळीत त्यांनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला. त्यावर ती गटाची खाती लिहायची, शेजारपाजारच्यांचे अर्ज भरून द्यायची. चार बायका सातबाऱ्यासाठी, योजनेसाठी तिच्याकडे यायच्या.

मी गेलो तेव्हा घरात तोंडं उतरलेली. सासूबाईंनी पाणी दिलं आणि लगेच लाईटबिल माझ्या हातात ठेवलं.

"सायेब, तुमीच बगा. नव्वद युनिट जळायचं आमचं. आता एकशे पस्तीस! ह्यो डबा घरात आल्यापास्नं घर खायला उठलाय. म्या म्हनलं, दिऊन टाक जा कुनाला."

सून कोपऱ्यात उभी. हळूच म्हणाली, "मी रोज रात्री झोपवते ओ त्याला. पडदा काळा होतो, मग मी उठते."

मंडळी, शेतीपंपाचं साडेसात अश्वशक्तीपर्यंतचं बिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत सरकार भरतं. पण घरचं मीटर ते घरचंच. त्यात शंभर युनिटांच्या वर गेलं की वरच्या युनिटांचा दर चढतो. त्यामुळे सासूबाईंची तक्रार खोटी नव्हती. पण कॉम्प्युटर गेला असता तर त्याच्याबरोबर सुनेचं कामही गेलं असतं आणि त्या चार बायकांचा आधारही. म्हणून मी म्हटलं, "मावशी, डबा काढायचा तर काढू. पण आधी तो किती खातो ते मोजू."

मीटरवरचा लाल ठिपका

आपण म्हशीचं दूध मापानं घेतो, उसाचं वजन काट्यावर घेतो, पण वीज मात्र अंदाजानं. तुमच्या घरच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. त्या घरी तो ३२०० होता. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर तो धरा.

आम्ही घरातला फ्रीज, पंखे, दिवे, सगळं बंद केलं. कॉम्प्युटर मात्र रात्री असतो तसा ठेवला, पडदा काळा करून. घड्याळ लावून पंधरा मिनिटं मोजलं. दिवा ४८ वेळा लुकलुकला. हिशेब सोपा आहे. पंधरा मिनिटांत ४८, तर तासाला १९२. त्याला ३२०० नं भागलं की ०.०६ युनिट, म्हणजे ६० वॅट. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तास. रोज ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट.

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, कॉम्प्युटर झोपलेलाच नव्हता. झोपलेलं यंत्र ६० वॅट खात नाही. दुसरी, वाढ ४५ युनिटांची आणि याच्या नावावर फक्त १८. मग उरलेले २७ कुणी खाल्ले?

मी परसात गेलो. घरची एक अश्वशक्तीची मोटर चालू, टाकी भरून वाहत होती आणि पाणी खालच्या केळीला जात होतं. विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "केळीला लागतंय की पानी. तासभर आसंच सोडते मी." अशी मोटर तासाला साधारण पाऊण ते एक युनिट घेते. रोज एक तास जादा धरला तर महिन्याला पंचवीस-तीस युनिट झाले. हिशेब जुळला.

मी काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. उठून मोटर बंद करून आल्या.

पडदा काळा म्हणजे झोप नव्हे

आता कॉम्प्युटरकडे वळू. बऱ्याच घरांत हाच घोटाळा आहे. पडदा काळा झाला म्हणजे फक्त पडदा बंद. आतलं यंत्र, पंखा, डिस्क सगळं चालू असू शकतं. कानोसा घ्या. डब्यातून पंख्याची घरघर येत असेल तर तो जागा आहे. खरी झोप लागली की पंखा थांबतो आणि बहुतेक यंत्रांवर छोटा दिवा मंद लुकलुकत राहतो किंवा रंग बदलतो.

कॉम्प्युटरला ही झोप काही जन्मजात नव्हती. लोक यंत्र चालू ठेवून घरी निघून जायचे. म्हणून १९९२ साली अमेरिकेत वीज वाचवणाऱ्या वस्तूंवर 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू झाली आणि ती पहिल्यांदा लागली ती कॉम्प्युटर आणि त्याच्या पडद्यांना. पुढे १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून यंत्रानं कधी झोपावं, कधी उठावं याचे नियम ठरवले. आजचे कॉम्प्युटर त्याच वळणावर चालतात. त्यांचा एक नियम लक्षात ठेवा. कुणी तरी काम सांगितलेलं असेल तर यंत्र झोपत नाही. राखणीला बसवलेला गडी मालकानं 'जा' म्हटल्याशिवाय मळा सोडत नाही, तसं. तेव्हा यंत्राला दोष देण्याआधी त्याला जागं कोण ठेवतंय ते शोधावं.

शोध कसा घ्यायचा

बहुतेक घरांत विंडोज असतं, म्हणून त्याच्याच पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी. 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'सिस्टम', त्यात 'पॉवर' हा शब्द असलेली ओळ. तिथं पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा आणि यंत्र किती मिनिटांनी झोपावं, असे दोन वेगळे आकडे असतात. अनेकदा झोपेच्या जागी 'नेव्हर', म्हणजे कधीच नाही, असं निवडलेलं असतं. तिथं पंधरा किंवा तीस मिनिटं करा. लॅपटॉप असेल तर बॅटरीवर असताना आणि वायर जोडलेली असताना असे दोन्ही आकडे पाहा.

दुसरी पायरी. आकडा बरोबर असूनही झोपत नसेल तर यंत्रालाच विचारा. 'स्टार्ट'मध्ये सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी उघडेल, घाबरू नका. तिथं पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ अक्षरं सलग लिहा. एक जागा सोडा. मग प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरकी रेघ, आणि तिला लागून आर, ई, क्यू, यू, ई, एस, टी, एस. मग एंटर दाबा.

पडद्यावर 'डिस्प्ले', 'सिस्टम' अशी चार-सहा नावं खाली खाली येतात. प्रत्येकाखाली 'नन' असेल तर कुणी अडवलेलं नाही. एखाद्याखाली दुसरं काही लिहून आलं असेल तर तोच जागं ठेवणारा.

त्या घरी 'सिस्टम'च्या खाली आवाजाच्या यंत्राचं नाव आलं आणि आवाज चालू असल्याची ओळ आली. मी म्हटलं, "ताई, गाणं कुठं चालू आहे?" ती म्हणाली, "नाही ओ, सगळं शांत आहे." मी स्पीकरची कळ फिरवली, तर अभंग सुरू! सकाळी पूजेच्या वेळी ती अभंग लावायची, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून लागायचे. कामाला बसताना ती स्पीकरची कळ बंद करायची. आवाज बंद व्हायचा, गाणं बंद होत नव्हतं. रात्रभर बिचारा मुक्यानं भजन करत बसायचा.

सासूबाईंना पहिल्यांदा हसू आलं. म्हणाल्या, "मंजे पुन्न्याचंच काम करत हुता म्हना."

गाणं बंद केलं. अर्ध्या तासानं पंख्याची घरघर थांबली. पुन्हा पंधरा मिनिटं मोजलं. दिवा सहा वेळा लुकलुकला. तीही वीज बरीचशी यूपीएसचीच होती.

गाण्याखेरीज आणखी काही गोष्टी यंत्राला जागं ठेवतात. चालू राहिलेला व्हिडिओ, प्रिंटरच्या रांगेत अडकून पडलेला कागद, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडी राहिलेली फाईल. आणि कधी कधी नुसतं यंत्र फार दिवस बंद-चालू केलेलं नसतं. तेव्हा 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. पुष्कळ यंत्रांत 'शट डाउन' केलं तरी आतली काही माहिती तशीच राखून ठेवलेली असते. 'रीस्टार्ट'नं सगळं नव्यानं सुरू होतं.

झोपतो, पण मध्येच उठतो

तीन दिवसांनी त्या घरून फोन आला. घरधन्याची त्या आठवड्यात शेतीची रातपाळीची लाईट होती. उसाला पाणी पाजून रात्री दोनला घरी आला, तर सोप्यात कॉम्प्युटरचा पडदा लख्ख उजळलेला. फोनवर आवाज सुनेचा होता आणि मागून सासूबाईंचाही येत होता. काय म्हणत होत्या ते सांगायला नको.

ही तिसरी पायरी. न झोपणं आणि झोपेतून उठणं हे दोन वेगळे रोग आहेत, औषधही वेगळं. त्याच काळ्या खिडकीत तीच आठ अक्षरं, जागा, तिरकी रेघ, आणि पुढं एल, ए, एस, टी, डब्ल्यू, ए, के, ई. शेवटी यंत्राला कुणी उठवलं ते यात कळतं. मी फोनवरच तिला एकेक अक्षर सांगितलं. उत्तरात माउसचं नाव आलं.

रात्री दोनला माउस कोण हलवणार? दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं जाताना डोकावलो. थंडीचे दिवस. यूपीएस गरम असतो, आणि त्याच्या शेजारी टेबलावर घरचं मांजर अंग चोरून निजलेलं. शेपटी हलली की माउस हलत होता. मांजरानं उंदीर धरला नाही, नुसता हलवला आणि यंत्र जागं झालं.

मांजराला हाकलायचं कारण नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडायचं, माउसच्या नावावर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', त्यात 'पॉवर मॅनेजमेंट'. या यंत्राला कॉम्प्युटर उठवू द्या, अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढं बरोबरची खूण असते. ती काढायची. कीबोर्डची खूण मात्र राहू द्यायची, म्हणजे सकाळी कुठलंही बटण दाबलं की यंत्र उठतं. काही यंत्रांत ही पाटी दिसत नाही. तिथं रात्री माउस पालथा घालून ठेवला तरी पुष्कळदा काम भागतं.

माउसऐवजी नेटवर्कचं नाव आलं तर त्याचीही खूण तशीच काढता येते. आणि रोज ठरावीक वेळीच उठत असेल तर कुठल्या तरी कामानं गजर लावून ठेवलेला असतो. तो 'पॉवर ऑप्शन्स'च्या आतल्या सेटिंगमध्ये 'स्लीप'खाली 'वेक टाइमर्स' बंद करून थांबवता येतो.

झोप की गाढ झोप?

इथं एक सावधगिरी सांगतो. 'स्लीप' ही बैलाची दावणीची झोप. डोळे मिटलेले, पण कासरा हलला की उभा. चालू असलेलं काम यंत्र आपल्या स्मरणात धरून ठेवतं आणि त्यासाठी त्याला थोडी वीज लागत राहते. लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी जुनी असली, तर स्मरणातलं, न साठवलेलं काम पुसलं जातं. 'हायबरनेट' ही गाढ झोप. यात यंत्र सगळं डिस्कवर लिहून ठेवतं आणि मग वीज गेली तरी बिघडत नाही. सकाळी उठायला थोडा जादा वेळ लागतो एवढंच. आपल्याकडं लाईटचा भरवसा नसेल तिथं टेबलावरच्या कॉम्प्युटरला रात्री हायबरनेट बरं, नाही तर सरळ 'शट डाउन'. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर 'कंट्रोल पॅनल'मध्ये 'पॉवर ऑप्शन्स', आणि तिथं पॉवर बटणाची कामं ठरवण्याच्या जागी त्याच्यापुढं खूण करा. काही नवे लॅपटॉप झाकण मिटलं तरी अर्धवट जागेच राहतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत लॅपटॉप गरम होत असेल तर त्यालाही हेच औषध. आणि उठण्यापूर्वी काम साठवण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

दुसरी सावधगिरी दूध संस्थांसाठी. संस्थेच्या कॉम्प्युटरला वजनकाटा आणि फॅटचं यंत्र जोडलेलं असतं. दूध संकलन चालू असताना तो झोपला तर जोड तुटून नोंद चुकू शकते. तिथं संकलनाच्या वेळेत त्याला जागंच ठेवा, आणि काम संपलं, नोंदींची दुसरी प्रत काढली, की रीतसर बंद करा. संस्थेच्या यंत्रावर सचिवांना विचारल्याशिवाय कुणी ही काळी खिडकी उघडू नये.

यंत्र आणणं आणि सांभाळणं

आपल्या भागाला कॉम्प्युटर नवा नाही. १९९८ साली मी नोकरीत नवा होतो, तेव्हा वारणानगरच्या सहकारी समूहाच्या भोवतालच्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. गावातल्या कॉम्प्युटरवर उसाचं वजन कळावं, कारखान्यावर खेटे घालावे लागू नयेत, असा हेतू होता. त्या काळी खेड्यासाठी ही मोठीच गोष्ट होती. पुढं २००७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी त्यातल्या सात गावांत आठ महिने तीच माहिती मोबाईलच्या संदेशावर देऊन पाहिली. ते स्वस्त पडलं, सोयीचं झालं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. मोबाईल खिशात राहतो. कॉम्प्युटरला टेबल लागतं, लाईट लागते, दुरुस्ती लागते, आणि त्याच्याकडं बघणारं माणूस लागतं. म्हणून यंत्र घेताना नुसती किंमत बघू नका. त्याला सांभाळणारं माणूस घरात आहे का, ते बघा.

त्या घरात तसं माणूस होतं. फक्त घराला ते दिसत नव्हतं.

मंडळी, घरात जे नवीन येतं त्याच्यावर आळ लवकर येतो, मग ते यंत्र असो की माणूस. आपल्याकडं म्हण आहेच, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथं कॉम्प्युटर अगदीच संन्यासी नव्हता, १८ युनिट त्यानं खाल्ले होते. पण २७ केळीला गेले होते, आणि बोलणी सगळी एकीनंच खाल्ली. लाल ठिपक्यासमोर पंधरा मिनिटं घड्याळ धरून बसलो नसतो, तर एव्हाना तो कॉम्प्युटर दुसऱ्याच्या घरी असता.

पुढच्या महिन्याचं बिल त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. शंभराच्या आत आलं होतं. सासूबाईंनी केळीला पाणी द्यायला टाकीच्या ओव्हरफ्लोऐवजी न्हाणीचं सांडपाणी वळवलंय. मी निघताना त्या सुनेला म्हणत होत्या, "त्येला लागली न्हवं झोप? मग तूबी नीज जा आता. हिशेब काय पळून जात न्हाईत."

या आठवड्यात तुम्हीही एक काम करा. घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा लाल दिवा मोजा. काहीच चालू नसताना तो लुकलुकत असेल तर घरात कुणी तरी जागं आहे. कोण सापडलं ते पोस्टकार्डावर कळवा. निवडक पत्रांना या सदरात उत्तर देईन.

पुढच्या अंकी आडसाली उसासाठी बेणं मळ्याची निवड. तोवर राम राम.